कॅम्पग्राउंडवर आरव्हीची बाहेरची विद्युत उपकरणे चोरीपासून कशी सांभाळावीत

आरव्ही, म्हणजे राहण्याची सोय असलेली गाडी किंवा ट्रेलर, कॅम्पग्राउंडवरच्या आपल्या जागेवर (साइटवर) उभी केली की आपण दाराला कुलूप घालतो आणि खिडक्या लावून घेतो, पण तिची बरीचशी महागडी विद्युत उपकरणे मात्र रात्रंदिवस उघड्यावरच राहतात. विजेच्या पेडेस्टलला, म्हणजे साइटवरच्या सॉकेट आणि ब्रेकर असलेल्या खांबाला, लटकणारे सर्ज प्रोटेक्टर (विजेच्या क्षणिक उसळीपासून वाचवणारे यंत्र), ट्रेलरच्या पुढच्या जोखडावरची, म्हणजे ओढणाऱ्या गाडीला जोडायच्या दांड्यावरची, बॅटरी, जमिनीवर उन्हाकडे तोंड करून ठेवलेले सोलर पॅनेल, टेबलाखालचा जनरेटर आणि जाडजूड वीजकेबल या सगळ्या वस्तू एका माणसाला सहज उचलता येतात, त्यांना कोणत्याही आरव्हीधारकाकडे गिऱ्हाईक मिळते आणि त्या काढायला बहुतेक वेळा हत्यारही लागत नाही. अमेरिका आणि कॅनडातील कॅम्पग्राउंडची रचनाच अशी असते की शेजारच्या साइटवर कोण आले आणि कोण गेले याकडे फारसे कोणाचे लक्ष नसते. केबल गुंडाळणारा माणूस पाहून ‘हा निघाला असेल’ असेच सर्वांना वाटते.

या लेखात या उपकरणांच्या बंदोबस्ताची पद्धत क्रमवार मांडली आहे. क्रम महत्त्वाचा आहे. कुलूप चोराला काही मिनिटे रोखते, त्याहून अधिक काही करत नाही. म्हणून आधी प्रत्येक वस्तूची नोंद करावी, मग जे जे आत नेता येईल ते आत न्यावे, आणि बाहेर ठेवण्यावाचून गत्यंतर नाही तेवढ्यालाच साखळी-कुलूप लावावे. बहुतेक लोक नेमके उलटे करतात. ते आधी कुलूप विकत आणतात आणि नोंदीचा विचार चोरी झाल्यावर करतात.

पहिली पायरी: नोंद आणि खूण

प्रवासाला निघण्यापूर्वी, घरी निवांत असताना, बाहेर वापरली जाणारी सर्व उपकरणे एका जागी मांडावीत. प्रत्येकाचे एक छायाचित्र पूर्ण वस्तूचे आणि एक छायाचित्र सिरियल क्रमांकाच्या पट्टीचे, असे दोन फोटो काढावेत. पट्टी जवळून, तिरप्या उजेडात टिपावी, कारण सर्ज प्रोटेक्टरवरील क्रमांक अनेकदा काळ्या प्लास्टिकवर बारीक अक्षरांत असतो आणि समोरून फ्लॅश मारला की तो वाचताच येत नाही. खरेदीची पावती, मॉडेलचे नाव आणि क्रमांक एका फाइलमध्ये ठेवून तिची प्रत फोनव्यतिरिक्त आणखी कोठेतरी ठेवावी. फोनही त्याच दिवशी चोरीला जाऊ शकतो.

ही खटाटोप का करायची, याला ठोस कारण आहे. अमेरिकेत पोलीस चोरीच्या वस्तूंची माहिती एफबीआयच्या एनसीआयसी या राष्ट्रीय माहितीसाठ्यात भरतात. तेथे वस्तूची नोंद होण्यासाठी निर्मात्याचा सिरियल क्रमांक किंवा मालकाने स्वतः कोरलेला क्रमांक लागतो. ‘लाल रंगाचा, दोन हजार वॉटचा जनरेटर’ एवढ्या वर्णनावर ती वस्तू शोधता येत नाही, आणि उद्या एखाद्या दुकानात किंवा गोदामात सापडली तरी ती आपलीच आहे हे सिद्ध करता येत नाही.

सिरियल क्रमांकाची पट्टी खरवडून काढता येते, म्हणून आपला स्वतःचा क्रमांक कोरावा. कोरणी यंत्र स्वस्त असते आणि काही ठिकाणचे पोलीस ठाणे ते वापरायलाही देते. ड्रायव्हिंग लायसन्सचा क्रमांक आणि त्यापुढे राज्याचे संक्षिप्त नाव ही तेथील जुनी, पोलिसांना परिचित पद्धत आहे. सोशल सिक्युरिटी क्रमांक मात्र कोठेही कोरू नये. एक खूण दर्शनी भागावर ठळक असावी, म्हणजे वस्तू विकायला अवघड जाईल, आणि दुसरी अशा जागी असावी की जी चोराच्या लक्षात येणार नाही. कोरताना वेष्टनाला आरपार भोक पडणार नाही, आणि पाण्यापासून रक्षण करणारी रबरी कड कापली जाणार नाही, याची काळजी घ्यावी.

दुसरी पायरी: बाहेरचा पसारा कमी करणे

आता प्रत्येक वस्तूबद्दल एकच प्रश्न विचारावा: ही आत्ता बाहेर असण्याची गरज आहे का? पेडेस्टलला जोडणी असताना पॉवर स्टेशन, म्हणजे उपकरणे चालवणारी मोठी सुटी बॅटरी, टेबलावर कशाला हवे? ढगाळ दिवशी सोलर पॅनेल पसरून काय मिळणार? तीस आणि पन्नास अ‍ॅम्पिअरमधले अदलाबदलीचे अ‍ॅडॉप्टर, ज्यांना तिकडे ‘डॉगबोन’ म्हणतात, ते जोडणीत नसतील तर पेडेस्टलजवळच्या गवतात पडून राहू नयेत. रिकामी खोकी आणि नव्या वस्तूंची वेष्टनेही साइटवरच्या कचऱ्याच्या डब्याशेजारी ठेवू नयेत, कारण आपल्याकडे काय नवे आले आहे याची ती उघड जाहिरात असते.

वस्तू आत न्यायची म्हणजे बहुतेक वेळा आरव्हीच्या खालच्या सामानकप्प्यात ठेवायची, आणि इथे एक मोठा दोष आहे जो अनेक मालकांना ठाऊकच नसतो. उत्तर अमेरिकेत बनलेल्या आरव्हींच्या सामानकप्प्यांना वर्षानुवर्षे ‘सीएच७५१’ या क्रमांकाच्या चावीने उघडणारी कुलपे बसवली जातात. ही चावी एका निर्मात्याची किंवा एका गाडीची नाही. असंख्य आरव्हींना तीच लागते आणि ती कोठेही सुटी विकत मिळते. आपल्या कप्प्याच्या चावीवर हा क्रमांक दिसला तर समजावे की शेजारच्या साइटवरच्या माणसाच्या जुडग्यातही आपल्या कप्प्याची चावी आहे.

उपाय सोपा आहे. कप्प्याच्या दाराच्या आतून कुलपाचा नट सोडवावा, कुलपाच्या नळीची लांबी आणि मागच्या फिरत्या पट्टीची लांबी व वाक मोजून घ्यावा, आणि त्याच मापाचे पण वेगळ्या चावीचे कुलूप आणावे. नळीसारख्या गोल चावीची कुलपे या कामाला चांगली पडतात. सर्व कप्प्यांसाठी एकाच चावीचा संच घेतला तर रोजची कटकट वाचते. माझ्या मते या लेखातील सर्व खर्चांत हा खर्च सर्वांत आधी करावा, कारण पुढचे निम्मे उपाय कप्पा खरोखर बंद होतो या गृहीतकावर उभे आहेत. पुठ्ठ्यासारख्या पातळ दाराला कोणतेही कुलूप लावले तरी पहार घातल्यावर ते उघडणारच, पण पहार घालताना आवाज होतो आणि वेळ लागतो, आणि उघड्या कॅम्पग्राउंडवर चोराला हे दोन्ही नको असते.

तिसरी पायरी: पेडेस्टलवरचे संरक्षक यंत्र

सुटे सर्ज प्रोटेक्टर किंवा त्याहून अधिक काम करणारे, विजेच्या दाबावर लक्ष ठेवून गरज पडल्यास जोडणी तोडणारे ईएमएस यंत्र ही चोरीला सर्वांत सोपी वस्तू आहे. किंमत काही शे डॉलर, वजन हातात मावेल एवढे, आणि काढायची रीत म्हणजे ब्रेकर बंद करून प्लग ओढणे. एवढी जोखीम आहे म्हणून काही जण हे यंत्र लावायचेच सोडून देतात. हा मार्ग चुकीचा आहे आणि त्याचे कारण नीट समजून घ्यावे.

पन्नास अ‍ॅम्पिअरच्या जोडणीत दोन जिवंत तारा असतात. त्यांच्यामध्ये २४० व्होल्टचा दाब असतो आणि न्यूट्रल तारेमुळे तो १२० अधिक १२० असा विभागला जातो. पेडेस्टलमधली न्यूट्रल तार सैल झाली किंवा तुटली, तर ही विभागणी बिघडते आणि कमी भार असलेल्या बाजूच्या उपकरणांवर २४० च्या जवळपास दाब येऊ शकतो. मायक्रोवेव्ह, टीव्ही आणि चार्जर काही क्षणांत जळतात. तीस अ‍ॅम्पिअरच्या टीटी-३० सॉकेटचा धोका वेगळा असतो. ते १२० व्होल्टचे असते, पण आरव्हीच्या कामाची सवय नसलेला इलेक्ट्रिशियन कधीकधी ते घरगुती मोठ्या सॉकेटप्रमाणे २४० व्होल्टला जोडून ठेवतो. उन्हाळ्यात सर्वांचे एसी एकाच वेळी चालू झाले की दाब खालीही येतो, आणि कमी दाबावर कॉम्प्रेसरची मोटर तापून खराब होते. चांगली ईएमएस यंत्रे १०४ व्होल्टच्या खाली आणि १३२ व्होल्टच्या वर जोडणी तोडतात. साधे सर्ज प्रोटेक्टर यातले बहुतेक काही करत नाही. ते फक्त क्षणिक उसळी झेलते. यंत्र वाचवण्यासाठी गाडीतील सगळी उपकरणे पणाला लावणे परवडणारे नाही.

यावर सर्वांत पक्का उपाय म्हणजे आतून कायमचे जोडलेले ईएमएस बसवणे. ‘प्रोग्रेसिव्ह इंडस्ट्रीज’, ‘ह्यूजेस’ आणि ‘साउथवायर’चा ‘सर्ज गार्ड’ या तिन्हींच्या यादीत तीस आणि पन्नास अ‍ॅम्पिअरसाठी सुटी आणि आत बसवायची अशी दोन्ही रूपे मिळतात. आतले यंत्र बाहेरून येणारी मुख्य केबल आणि गाडीचे वितरण पॅनेल यांच्या दरम्यान बसते. जनरेटर आणि बाहेरची वीज यांत अदलाबदल करणारा स्वयंचलित स्विच असेल, तर त्याच्या आधी बसवायचे की नंतर, हे निर्मात्याच्या सूचनेप्रमाणे ठरवावे. नंतर बसवले तर जनरेटरची वीजही त्याच्यातून जाते. केबलची जाडी जोडणीला साजेशी हवी, स्क्रू सांगितलेल्या घट्टपणानेच आवळायला हवेत, आणि काही दिवसांच्या प्रवासानंतर, वीजपुरवठा पूर्णपणे तोडून, ते पुन्हा तपासायला हवेत, कारण रस्त्याच्या हादऱ्यांनी जोड सैल होतात. हे काम येत नसेल तर जाणत्या तंत्रज्ञाकडून करून घ्यावे. एकदा बसले की पेडेस्टलवर चोरण्यासारखे फक्त केबलच उरते. गाडी स्वतःची असेल आणि ती काही वर्षे वापरायची असेल, तर मी सुट्या यंत्राची शिफारस करणार नाही.

पण गाडी भाड्याची असते, किंवा दोन गाड्यांना एकच यंत्र वापरायचे असते, किंवा आत जागाच नसते. अशा वेळी सुटे यंत्र पेडेस्टलला न लावता कुलूपबंद सामानकप्प्यात ठेवता येते. यंत्राला पेडेस्टलवरच असण्याची गरज नसते. ते गाडीच्या आधी कोठेही जोडणीत असले तरी पुढचे सर्व काही सुरक्षित राहते. त्यासाठी गाडीच्या केबलशिवाय एक जोडकेबल लागते. पेडेस्टलपासून जोडकेबल कप्प्यापर्यंत आणावी, कप्प्याच्या तळाशी केबलसाठी असलेल्या झाकणाच्या छिद्रातून तिचे टोक आत घ्यावे, आत यंत्र लावावे आणि यंत्राला गाडीची केबल जोडावी. केबल जिथे पत्र्यातून जाते तिथे रबरी कडे असावे, म्हणजे आवरण कापले जाणार नाही. यंत्र कप्प्यात कपडे किंवा गाद्यांमध्ये दाबून ठेवू नये, कारण एसी चालू असताना प्लगचे जोड चांगलेच तापतात; त्याच्या भोवती हवा खेळती हवी आणि प्रोपेनच्या टाक्यांचा कप्पा यासाठी कधीही वापरू नये. जोडकेबल जोडणीच्या पूर्ण क्षमतेची हवी. तीस अ‍ॅम्पिअरसाठी दहा गेजच्या तारेची आणि पन्नाससाठी सहा गेजची केबल वापरतात. घरगुती बारीक एक्स्टेन्शन वापरल्यास चोरी टळेल पण आग लागेल.

हेही शक्य नसेल तर यंत्र पेडेस्टललाच लावावे आणि बांधून ठेवावे. जोडणीचा क्रम असा ठेवावा. प्रथम पेडेस्टलवरचा ब्रेकर बंद करावा. सॉकेटची छिद्रे काळवंडलेली किंवा वितळलेली दिसली तर तेथे जोडूच नये आणि दुसरी साइट मागावी. गाडीची केबल अजून न जोडता फक्त यंत्र लावावे, ब्रेकर चालू करावा आणि यंत्र काय दाखवते ते पाहावे. सर्व ठीक असेल तर ब्रेकर पुन्हा बंद करून गाडीची केबल जोडावी आणि मग चालू करावा. एसीचा कॉम्प्रेसर जपण्यासाठी यंत्र काही वेळ थांबून मगच वीज आत सोडते. काही प्रचलित यंत्रांत ही वेळ १३६ सेकंद असते. तेवढ्यात यंत्र बिघडले असे समजून प्लग ओढू नये. हे सर्व झाल्यावर कुलूप लावावे, आधी नाही, कारण दोष निघाला तर यंत्र लगेच काढता यायला हवे.

बांधण्याची जागा नीट निवडावी लागते. सुट्या यंत्राची रचना पाहिली तर मधली पेटी, तिच्यापासून निघालेली हातभर किंवा त्याहून आखूड केबल आणि टोकाला जाड प्लग असे तिचे भाग दिसतात. पेटी आणि प्लग यांच्यामधली मान ही बांधायची जागा आहे. पोलादी दोराचा फास या मानेभोवती इतका घट्ट बसवावा की एका बाजूने प्लगचे डोके आणि दुसऱ्या बाजूने पेटी, दोन्ही त्यातून निसटणार नाहीत. हाताच्या कडीतून किंवा प्लास्टिकच्या मुठीतून दोर ओवल्यास ती मूठ एका झटक्यात तुटते. काही यंत्रांना या मानेवर किंवा प्लगवर बसणारी धातूची कडी निर्मात्याकडूनच मिळते. असेल तर तीच वापरावी.

दोराचे दुसरे टोक कशाला बांधायचे, याचाही विचार करावा. खांबावर पेटी बसवलेली असेल तर फास खांबाभोवती, पेटीच्या खाली टाकावा, म्हणजे पेटीची रुंदी त्याला वर सरकू देत नाही. पण अनेक पेडेस्टल वरपासून खालपर्यंत सारख्याच जाडीचे असतात आणि त्यांच्याभोवती टाकलेला फास सरळ वर उचलून काढता येतो. असे पेडेस्टल असेल तर दोर गाडीच्या चौकटीपर्यंत न्यावा. पाण्याच्या नळाला काहीही बांधू नये. तो ओढाताणीत तुटला तर साइटवर पाणीच पाणी होते.

आणि सर्वांत महत्त्वाची मर्यादा ही आहे. पेडेस्टलच्या झाकणाला कुलूप घालण्यासाठी छिद्र असते आणि झाकण बंद केले की प्लग आतच अडकतो, म्हणून तेथे कुलूप घालायचा मोह होतो. ब्रेकर त्याच झाकणाखाली असेल तर हे कदापि करू नये. आग लागली, केबल तापली किंवा कोणाला विजेचा धक्का बसला, तर कोणालाही, अगदी शेजाऱ्यालाही, तो ब्रेकर क्षणात बंद करता आला पाहिजे. ब्रेकर स्वतंत्र झाकणाखाली असेल तरी कॅम्पग्राउंडच्या कार्यालयात विचारूनच कुलूप घालावे. एखादे तीनशे डॉलरचे यंत्र गेले तरी चालेल, पण ब्रेकर अडून चालणार नाही.

चौथी पायरी: कुलूप आणि साखळी निवडणे

प्लास्टिकचे आवरण असलेला पोलादी दोर हलका आणि सोयीचा असतो, पण लांब दांड्याच्या कटरपुढे तो फार टिकत नाही. घाईत उचलून नेणाऱ्याला तो अडवतो, तयारीने आलेल्याला अडवत नाही. सर्ज प्रोटेक्टरसाठी तो पुरेसा आहे, जनरेटरसाठी नाही. तेथे कठीण केलेल्या पोलादाची, दहा मिलिमीटर किंवा त्याहून जाड कड्यांची साखळी लागते. अशी साखळी मीटरला दोन किलोच्या वर भरते, त्यामुळे गाडीची भारक्षमता आधीच काठावर असेल तर हे वजनही हिशेबात धरावे.

कुलपाचा दांडा जितका कमी उघडा राहील तितके ते चांगले, कारण कटरचा जबडा बसायला जागाच मिळत नाही. म्हणूनच गोल चकतीच्या आकाराची कुलपे किंवा खांदे उंच असलेली कुलपे या कामाला योग्य असतात. साखळी आणि कुलूप जमिनीवर लोळत ठेवू नये. जमिनीवर टेकलेल्या कडीवर हातोडा किंवा कटर टेकवून जोर लावता येतो. हवेत, घट्ट ताणलेल्या कडीवर तसा जोर लागत नाही. धूळ आणि पावसात कुलूप आखडते, तेव्हा त्यात तेल न घालता ग्रॅफाइटची किंवा तत्सम कोरडी पूड घालावी, कारण तेलाला धूळ चिकटून आतल्या पिना अडकतात.

जनरेटर

‘होंडा ईयू२२००आय’सारखा सूटकेसच्या आकाराचा जनरेटर सुमारे २१ किलोचा असतो आणि तो एका हाताने उचलता येतो. त्याची मूठ प्लास्टिकची असते, म्हणून नुसत्या मुठीतून साखळी ओवण्यात अर्थ नाही. या आकाराच्या जनरेटरांसाठी मुठीच्या पोकळीत बसणारे पोलादी आडवे दांडे वेगळे मिळतात. साखळी त्या दांड्यातून न्यावी. साखळी धुराड्याजवळून जाऊ देऊ नये. ती तापते, तिच्यावरचे प्लास्टिक वितळते, आणि हादऱ्यांनी ती जनरेटरच्या अंगावर घासत राहते.

इथे सुरक्षिततेचे दोन नियम एकमेकांच्या आड येतात. चोरीच्या भीतीने जनरेटर गाडीला जवळ बांधावासा वाटतो, तर कार्बन मोनॉक्साइडच्या धोक्यामुळे तो दार-खिडक्यांपासून किमान २० फूट दूर आणि धुराडे पलीकडे करून चालवायचा असतो. अशा वेळी अंतर कमी करू नये. ज्या वेळी आपण जागे आणि साइटवर हजर आहोत त्याच वेळी तो दूर ठेवून चालवावा. त्याचा आवाज थांबला तर लगेच लक्ष जातेच. काम झाले की थंड होऊ द्यावा आणि मग गाडीच्या चौकटीला किंवा पिकअपच्या हौद्यातील लोखंडी कडीला साखळीने बांधावा. चालू जनरेटर सामानकप्प्यात, बंद हौद्यात किंवा कुलूपबंद पेटीत कधीही ठेवू नये. झाडाला साखळी बांधणे अनेक ठिकाणी नियमाविरुद्ध असते आणि सालीलाही इजा होते, म्हणून तोही मार्ग टाळावा.

पॅनेल, बॅटरी, पॉवर स्टेशन आणि केबल

घडीच्या सोलर पॅनेलच्या चौकटीला बसवण्यासाठी छिद्रे असतातच. दोर त्यांतून ओवावा. नवे छिद्र पाडू नये, कारण त्याने हमी संपू शकते आणि भोक काचेजवळ गेले तर पॅनेलच वाया जाते. छतावर बसवलेल्या पॅनेलसाठी वेगळ्या खाचेचे, साध्या पान्याने न निघणारे स्क्रू वापरावेत.

ट्रेलरच्या जोखडावरची बॅटरी बहुधा एका पट्ट्याने बांधलेल्या प्लास्टिकच्या डब्यात असते, आणि पट्टा सोडला की ती हातात येते. लिथियम बॅटरी शिसे-आम्लाच्या बॅटरीपेक्षा बरीच हलकी आणि महाग असल्याने तिला कुलपाची धातूची पेटी हवीच. शिसे-आम्लाच्या बॅटरीची पेटी मात्र हवाबंद नसावी. चार्ज होताना तिच्यातून हायड्रोजन बाहेर पडतो आणि त्याला वाट लागते.

पॉवर स्टेशन बाहेर ठेवू नये, एवढेच सांगणे पुरेसे आहे. मात्र ते बंद मोटारीत उन्हात कोंडूनही ठेवू नये. लिथियमच्या पेशींना तो ताप सोसत नाही.

केबलमधल्या तांब्याला भाव असतो. गाडीच्या बाजूने सुटी होणारी केबल असेल तर तिच्या जोडाला कडी आवळून बसवावी. त्या जोडावर बसणारी कुलपेही मिळतात.

माग काढणारी साधने

२०२१ मध्ये आलेले ‘एअरटॅग’ आणि त्यासारखे इतर टॅग स्वस्त आहेत, पण त्यांच्याकडून काय अपेक्षा करावी हे माहीत हवे. त्यांना स्वतःचे सॅटेलाइट किंवा मोबाइल नेटवर्क नसते. आसपासच्या लोकांच्या फोनच्या आधाराने ते आपली जागा कळवतात. गजबजलेल्या कॅम्पग्राउंडवर हे चालते, ओसाड माळावर चालत नाही. धातूच्या पेटीत ठेवल्यास त्यांचा सिग्नल अडतो. आणि अनोळखी टॅग आपल्यासोबत फिरतो आहे अशी सूचना चोराच्या फोनवरही जाऊ शकते, म्हणून टॅग सहज सापडणार नाही अशा जागी असावा. जनरेटरमध्ये तो पेट्रोलच्या टाकीपासून आणि तापणाऱ्या भागापासून दूर ठेवावा. सर्ज प्रोटेक्टर उघडून त्यात टॅग घालू नये. त्याचे जलरोधक वेष्टन बिघडते.

रोजची शिस्त

दिवसाढवळ्या, सगळे फिरायला गेले असताना साइट रिकामी असते आणि तीच वेळ जपायची असते. बाहेर पडताना जनरेटर, पॅनेल आणि पॉवर स्टेशन आत, कुलपे ओढून पाहिलेली, आणि शक्य असेल तर कॅम्पग्राउंडच्या होस्टला (तेथे देखरेख करणाऱ्या माणसाला) किंवा शेजाऱ्याला एक शब्द सांगितलेला, एवढे केले तरी पुष्कळ झाले. शेजाऱ्याशी ओळख करून घेण्यात एक पैसाही लागत नाही आणि ‘हे आज निघणार नव्हते’ हे माहीत असलेला माणूस कोणत्याही कॅमेऱ्यापेक्षा उपयोगी पडतो. रात्री पेडेस्टलच्या दिशेला हालचालीने लागणारा दिवा चांगला, पण तो शेजाऱ्याच्या खिडकीत शिरणार नाही असा खाली वळवलेला असावा.

निघण्याच्या दिवशीची चूक वेगळी असते. घाईत गाडीची केबल काढून कप्प्यात टाकली जाते आणि संरक्षक यंत्र पेडेस्टलवरच लटकत राहते. ते मग जो पुढे येईल त्याचे. यावर खात्रीचा उपाय म्हणजे यंत्राच्या कुलपाची चावी गाडीच्या चावीच्याच जुडग्यात ठेवणे. कुलूप न उघडता गाडी सुरूच करता येत नाही असे नव्हे, पण जुडग्यात ती चावी दिसली की पेडेस्टल आठवते.

चोरी झालीच तर

साइटवर परतल्यावर यंत्र दिसले नाही, तर आधी पेडेस्टलचा ब्रेकर बंद आहे का ते पाहावे, कारण घाईत ओढलेल्या प्लगमुळे सॉकेट सैल झालेले असू शकते. जागेचे फोटो काढावेत, कापलेला दोर तसाच ठेवावा आणि होस्टला कळवावे. तक्रार कोठे करायची हे जागेवर अवलंबून असते. खासगी कॅम्पग्राउंडवर बहुधा काउंटीच्या शेरीफचे कार्यालय किंवा गावचे पोलीस, राष्ट्रीय उद्यानात तेथील रेंजर. टॅग जागा दाखवत असेल तर तेथे स्वतः जाऊ नये. ती माहिती पोलिसांना द्यावी. तक्रारीत सिरियल आणि कोरलेला क्रमांक लिहून घेतला आहे याची खात्री करावी आणि तक्रारीचा क्रमांक मागून घ्यावा.

विम्याच्या बाबतीत एक गोष्ट प्रवासाआधीच पाहावी. गाडीला कायमचे जोडलेले उपकरण आणि सुटे सामान यांना पॉलिसीत वेगवेगळी वागणूक मिळते. सुट्या सामानासाठी वेगळे कलम किंवा घराच्या विम्याचा आधार लागू शकतो. शिवाय स्वतः सोसायची रक्कम पाचशे डॉलर असेल आणि यंत्र तीनशेचे असेल, तर दावा करून हाती काहीच येत नाही. आत बसवलेल्या यंत्राच्या बाजूने हा आणखी एक मुद्दा आहे.

त्या रात्री विजेचे काय करायचे, हा प्रश्न उरतो. बॅटरीवर दिवे आणि पंखा चालत असतील तर नवे यंत्र येईपर्यंत तसेच राहणे उत्तम. जोडणी करायचीच असेल तर आधी मल्टिमीटरने सॉकेट तपासावे. तीस अ‍ॅम्पिअरच्या सॉकेटवर जिवंत आणि न्यूट्रल यांत सुमारे १२०, जिवंत आणि अर्थिंग यांत तेवढेच, आणि न्यूट्रल व अर्थिंग यांत जवळपास शून्य दिसायला हवे. पन्नासवर दोन जिवंत तारांत सुमारे २४० आणि प्रत्येकीत व न्यूट्रलमध्ये १२० दिसायला हवे. मात्र सैल न्यूट्रल भार नसताना मीटरवर ठीकही दिसू शकते, म्हणून भार कमी ठेवावा, महागडी उपकरणे प्लगमधून काढून ठेवावीत आणि एसी लावू नये. जिवंत सॉकेटवर मीटर धरण्याची सवय नसेल, तर कॅम्पग्राउंडच्या देखभालीच्या माणसाला बोलवावे.